दोन जावांचा ट्रॅक्टर

३ सप्टेंबर

जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हा डेपोत सगळ्यांनी विचारलं, "सुलेखाबाई, आता काय करणार?" मी म्हटलं, आराम. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म उभ्यानं काढला, आता बसणार. हर्सूलच्या फ्लॅटमध्ये बसलेय. पहाटे पहिल्या गाडीच्या वेळेला जाग येते, मग गाडी नाही हे आठवतं. बाकी छान चाललंय.

आज शेतावर गेले. चौक्याच्या घाटाअलीकडं आमचा डोंगर आहे. आमचा म्हणजे माझा आणि जाऊबाईंचा. दोघींचे मालक गेले, सात-बारावर आता आम्ही दोघीच. जाऊबाई, म्हणजे केसरबाई, तिथंच राहतात, एकट्या. सोबत गायी.

डोंगरावर गवत कमरेच्या वर गेलंय. कापायला माणूस मिळत नाही, सगळे शेंद्र्याला कंपनीत. गेल्या वर्षी असंच उभं राहिलं, वाळलं, आणि उन्हाळ्यात वणवा लागला. गोठ्याच्या भिंतीपर्यंत आला होता. गायी सोडून द्यायला लागल्या. शहरातल्या गोशाळावाले चारा मागत फिरतायत आणि आमचा चारा जळतोय, ह्याला काय अर्थ आहे? मी ठरवलं. एक लहान ट्रॅक्टर घ्यायचा. मागं गवत कापायचं यंत्र, पुढं लोडरची बकेट, म्हणजे गवतही निघेल आणि शेण-मुरूमही उचलला जाईल.

जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोंगरावर ट्रॅक्टर? ती काय शेळी हाय का चढायला?"

वाटलंच होतं. मी काही सुचवलं की त्यांचा नन्नाचा पाढा तयार. त्यांच्या डोंगरात मी लक्ष घातलेलं आवडत नसणार. तरी निघताना म्हणाल्या, "बघाया कवा जायाचं?" चौकशी केली एवढंच.

९ सप्टेंबर

जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो. जाऊबाई अंजिरी इरकल नेसून आल्या होत्या, जी लग्नाकार्यालाच बाहेर निघते. मी म्हटलं, "ट्रॅक्टर बघायला चाललोय, मुलगी बघायला नाही." त्या म्हणाल्या, "लोकायला काय म्हाईत?"

गोकुळ नावाचा सेल्समन होता. त्यानं आमच्याकडं बघितलं, मग आमच्या मागं बघितलं. "साहेब येतायत का मागून?" साहेब येत नव्हते. मग त्यानं शेजारच्या खुर्चीवर सर्व्हिसिंगला आलेले एक आजोबा बसले होते, त्यांनाच सगळं सांगायला सुरुवात केली. एचपी किती, गिअर किती. आजोबा माना हलवत होते. मी कंडक्टरच्या आवाजात म्हटलं, "ओ दादा, प्रवासी इकडं आहेत." सगळं शोरूम वळलं. मग मात्र त्यानं चहा मागवला.

मला तिथला सगळ्यांत मोठा आवडला. काय रुबाब! एसटीच्या ड्रायव्हरसारखं उंच बसायचं. जाऊबाईंनी एक चक्कर मारली, हॉर्न वाजवायला लावला आणि म्हणाल्या, "म्हैस खोकल्यागत वाजतोय. नको."

हॉर्नवरून ट्रॅक्टर नाकारणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. बाहेर आल्यावर मला राग आला होता, पण त्या म्हणाल्या, "आता आलोच हाय तर गुलमंडीवर लस्सी पिऊ." प्यायलो. त्यांनी दोन प्यायल्या.

१७ सप्टेंबर

सकाळी जाऊबाईंचा फोन. "निघायचं ना? मी तयार हाय." मी म्हटलं, आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन, शोरूम बंद असणार. "आसं का," म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पन मी तर साडी नेसली."

शेवटी त्याच आल्या, शेजाऱ्याच्या जीपमधून. हर्सूल तलावावर गेलो, कणीस खाल्लं. ट्रॅक्टरचा एक शब्द नाही. एक सुट्टी अशी वाया गेली. म्हणजे आता मला सुट्टी काय आणि कामाचा दिवस काय, पण तरी.

२० सप्टेंबर

डोंगर नीट बघायला शेतावर गेले. एक गोष्ट लिहायची आहे. स्वयंपाकघराशेजारची बंद खोली जाऊबाईंनी उघडून चुना लावून घेतलाय. कॉट टाकलीय, वर पंखा नवा. विचारलं तर म्हणाल्या, "आसंच. कोनी आलं-गेलं तर." माझी मुलगी अपेक्षा पुण्याहून येते, तिच्यासाठी असणार. ती वर्षातून दोनदा येते, आणि तिच्यासाठी एवढा थाट. लाड नुसते.

२६ सप्टेंबर

आजचा दिवस मोठा. देवगाव रंगारीला बद्रीनाथ म्हणून जाऊबाईंच्या माहेरच्या नात्यातले आहेत. त्यांच्याकडं लोडरवाला लहान ट्रॅक्टर आहे. गृहस्थ गोल, हसरे, आणि बोलायला लागले की थांबत नाहीत. मी शोरूममधल्या मोठ्याचं वर्णन केलं तर कपाळावर हात मारला.

"वैनी, डोंगरावर ताकद नंतर बघायची. आधी बूड बघायचं. ट्रॅक्टर बसका पायजे, चाकं फाकलेली पायजे. आन चारी चाकं ओढनारी. तुमचा तो उंच गडी उतारावर आडवा घातला की गेला लोळत."

"आणि बकेट?"

"बकेट भरली की नाक जड होतं, मागची चाकं हलकी पडतेत. म्हनून मागं वजन पायजे. चालताना बकेट जमिनीलगत. उचलायची ती फक्त ओतताना, तेबी सपाटीवर. आन उतारावर वर-खाली चालायचं, आडवं नाय. एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं रंगरंगोटी हाय."

मग त्यांनी मला चालवायला दिला. मी! इतकी वर्षं ड्रायव्हरच्या मागं उभी राहिले, घंटी मारली, पण स्टिअरिंगला हात लावला नव्हता. क्लच सोडला तर ट्रॅक्टरनं उडी मारली आणि मी "थांबा थांबा" ओरडले, स्वतःलाच. दुसऱ्या खेपेला नीट निघाला. खळ्याला वळसा घातला, वळवला, परत आणला. जाऊबाई बाजेवर बसून एवढ्या हसत होत्या की बद्रीनाथांच्या घरच्या भागूबाई पाणी घेऊन धावल्या.

मला वाटलं, आता ठरलं. अगदी असाच हवा. परतताना जाऊबाई म्हणाल्या, "पायरी लई उंच हाय त्याची." मी म्हटलं, चालवणार मी, पाय माझा. त्या म्हणाल्या, "तरी. आजून दोन-चार बघू."

माझी खात्री झाली आहे, ह्यांना घ्यायचाच नाही. सरळ नाही म्हणत नाहीत, फक्त लांबवतात.

१ ऑक्टोबर

फुलंब्रीला एक पाहिला. जाऊबाई म्हणाल्या, सीट गरम होतं. उन्हात उभा होता, होणारच. येताना भजी.

७ ऑक्टोबर

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

एका डीलरचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आमच्या डोंगरावर आला होता, चालवून दाखवायला. ट्रॅक्टर फळबागेतला, अरुंद, दोन झाडांच्या ओळीतून जाणारा. मला बद्रीनाथांचं बोलणं आठवत होतं. पण त्या माणसानं सपाटीवर झपझप मुरूम उचलून दाखवला आणि मी भुलले. त्यानं बजावलं होतं, उतारावर नका नेऊ. मी म्हटलं, आमचं काम उतारावरच आहे, तिथं नाही बघायचा तर कुठं? आणि त्याला उतरवून मी बसले.

बकेट मुरमानं भरलेली. पुढचं दिसेना म्हणून थोडी उचलली. एक खड्डा टाळायला वळवला, आणि ट्रॅक्टर उताराला आडवा झाला. एकदम सगळं हलकं वाटलं. वरच्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उठलं होतं. मला काही सुचेना. बसमध्ये ब्रेक लागला की प्रवासी दांडी पकडतात, तसं मी स्टिअरिंग घट्ट धरून नुसती बसले.

"सुले! खाली टाक! बकेट खाली टाक!"

जाऊबाई खालून पळत येत होत्या, पदर कुठं, चप्पल कुठं. त्यांच्या आवाजानं हात हलला. बकेट धप्पकन खाली टेकली, चाक परत जमिनीला लागलं, इंजिन बंद पडलं. डीलरचा माणूस पांढराफटक. मी उतरले आणि, का कोण जाणे, मला हसू आलं. म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही तर धावायच्या शर्यतीत पाहिजे होतात."

त्या हसल्या नाहीत. माझा दंड धरला, इतका घट्ट की अजून वळ आहे, आणि घरात गेल्या. जेवल्या नाहीत. मी निघाले तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "मला नको ट्रॅक्टर. जळू दे ते गवत."

शेवटी तोंडातून निघालं. सुरुवातीपासून हेच होतं मनात.

११ ऑक्टोबर

फ्लॅट. आराम. जाऊबाईंना फोन केला नाही, त्यांचाही नाही. अपेक्षाचा आला.

"आई, मोठी आई माझ्याशी बोलताना रडत होती."

"ट्रॅक्टरसाठी एवढं काय रडायचं? नको तर नको."

 अपेक्षा म्हणाली, "आई, तू कंडक्टर होतीस ना? माणसाला कुठं उतरायचंय ते चेहऱ्यावरून कळतं म्हणायचीस." आणि हसून फोन ठेवला. हल्लीच्या मुली काय बोलतात कळत नाही.

१२ ऑक्टोबर

काही नाही. टीव्ही.

१३ ऑक्टोबर

दुपारी सहज मध्यवर्ती स्टँडवर जाऊन आले. सगळे ओळखीचे. उगाच चक्कर.

१५ ऑक्टोबर

सकाळी बेल वाजली. दारात जाऊबाई! एकट्या, बसनं, हातात मेथीच्या जुड्या आणि खव्याचा डबा. ह्या बाईनं जन्मात एकटीनं बसचा प्रवास केला नव्हता. मी विचारलं, "उतरलात कुठं?" तर म्हणाल्या, "जेलापाशी. कंडक्टरला म्हनलं, सुलेखाबाईच्या घरी सोड. त्याला म्हाईत होतं तुझं घर!"

चहा झाला. दोघी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मग त्या म्हणाल्या, "बद्रीनाथाला फोन केलता मी. सोयगावला एक हाय म्हनतो. बसका, चारी चाकाचा, वर लोखंडी कमान. उलटला तरी मानूस खाली सापडत नाय, पट्टा बांधला तर."

"तुम्हाला तर नको होता."

"मला तू उलटलेली नको होती," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टरचं म्या काय म्हनलं?"

त्या काय म्हणाल्या होत्या ते माझ्या इथं लिहिलेलं आहे, पण वाद घातला नाही. मेथीचे पराठे केले. मुक्कामाला थांबल्या. घोरतात.

१८ ऑक्टोबर

सोयगाव. सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर करत गेलो. घाट उतरताना जाऊबाईंनी खिडकी उघडी टाकली आणि सगळा वारा अंगावर घेतला. बसमधली कंडक्टर मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली, श्रेया. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं तिकीट काढताना मला लाज वाटते." मी म्हटलं, "काढ, आणि पुढच्या लोकांना मागं सरकव, दार अडतंय." सवय जात नाही.

ट्रॅक्टर बघितला. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एका शेतकऱ्यानं वापरायला घेतलेला, तोच तिथल्या डीलरनं आम्हाला नमुना म्हणून दाखवला. ठेंगणा, रुंद, चाकं दोन्हीकडं फाकलेली. मागं वजनाची पेटी. पॉवर स्टिअरिंग इतकं हलकं की एका हातानं वळतं. ह्या वेळी मी आधी सपाटीवर चालवला, मग रिकामी बकेट जमिनीलगत ठेवून सरळ वर चढवला आणि सरळ खाली आणला. आडवा अजिबात नाही. पट्टा बांधला होता. चारी चाकं जमिनीला चिकटून होती, घोरपडीसारखी.

जाऊबाईंनी सगळं पाहिलं. हॉर्न वाजवला. पायरीवर स्वतः चढून बघितलं. सीटला हात लावला, सावलीत होता, गार होतं. खाली वाकून चाकंसुद्धा बघितली. खोट सापडेना. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं होतं खूश होतील, तर चेहरा असा पडला जणू कोणी गेलं.

"घेऊन टाक," म्हणाल्या.

परतीची बस. फर्दापूरला मी शेंगदाणे घेतले, त्यांना नको होते. घाट चढताना म्हणाल्या, "म्हंजे झालं आता शोधायचं."

"झालं बाई एकदाचं," मी म्हटलं.

"मग आता तू दिवाळीलाच येशील."

"दिवाळीला येईनच. आणि गवत कापायला येईन ना."

त्या बाहेर बघत राहिल्या. फिरून फिरून थकल्या असणार, वय झालंय.

२९ ऑक्टोबर

ट्रॅक्टर आला. जाऊबाईंनी बॉनेटवर कुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला. वाडीतली माणसं जमली होती. एकानं विचारलं, "ड्रायव्हर कोन ठेवला?" जाऊबाई म्हणाल्या, "ठेवला नाय. ही काय हितं हुभी हाय." त्या माणसानं माझ्या मागं बघितलं. सगळे मागंच बघतात.

कापायच्या आधी दोघी डोंगर पायी फिरलो. जिथं दगड, तिथं काठी रोवून जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, म्हणजे यंत्राच्या पात्याला दगड लागायचा नाही. मग जाऊबाईंना लांब, वरच्या आंब्याखाली बसवलं आणि सुरुवात केली. खालून वर गवत कापत जायचं, वर सपाटीवर वळायचं, यंत्र उचलून सरळ खाली यायचं. कापलेल्या गवताचा वास इतका दाट की तोंडात चव येत होती.

पहिला पट्टा गोठ्याच्या कडेनं काढला, रुंद. आता वणवा आला तरी त्याला गोठ्यापर्यंत यायला खायला काही नाही.

३ नोव्हेंबर

मुक्काम इथंच, त्या चुना दिलेल्या खोलीत. अपेक्षा यंदा दिवाळीला येणार नाही, तिला रजा नाही, म्हणून खोली रिकामीच होती.

गवत अर्धं झालं. बद्रीनाथ येऊन बघून गेले, शाबासकी दिली आणि म्हणाले, चारा वाहायला त्यांची ट्रॉली पाठवतील, नवी घ्यायची गरज नाही. ते गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "त्याची ट्रॉली मला नको. पत्रा पातळ हाय. आपन दोघी जाऊन दुसरी बघू."

"जाऊबाई, ट्रॉली न बघताच पत्रा पातळ कसा कळला?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. आणि मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट चढायला लागली, गच्च भरलेल्या बसमध्ये प्रवासी चढतात तशी. हॉर्न. पायरी. उन्हातलं सीट. झेंडावंदनाच्या दिवशी नेसलेली साडी.

मी विचारलं, "तुम्हाला ट्रॅक्टर हवा होता की नव्हता?"

"हवा होताच," त्या म्हणाल्या. "पन शोधायची काय घाई नव्हती."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"सांजच्याला दारं लावली की ह्या घरात आवाज नाय, सुले. गायी काय बोलतेत का? तुझा फोन यायचा, उद्या निघायचं, तर मी आदल्या दिसापासून साडी काढून ठेवायची. तुला म्हनलं आसतं, ये राहायला, तर तू म्हनली आसती, माझा फ्लॅट हाय, आराम हाय. मंग कशाला म्हनू?"

माझा फ्लॅट आहे. आराम आहे. मी पहाटे उठून खिडकीतून रिकामा रस्ता बघते. हे त्यांना सांगितलं नाही, पण डोळ्यात पाणी आलं ते त्यांनी बघितलं आणि तांदळाचं ताट माझ्याकडं सरकवलं. दोघींनी मिळून निवडले. एवढ्याशा तांदळाला केवढा वेळ लावला.

"गवत होईपर्यंत आहे मी," मी म्हटलं.

"आन मंग?"

"मग लोडरनं शेणखत भरायचंय. मग पाझर तलावातला गाळ आणायचाय. मग रस्त्यावर मुरूम. डोंगराचं काम कधी संपतं का?"

"नाय संपत," त्या फार गंभीरपणे म्हणाल्या. "लई काम हाय."

११ नोव्हेंबर

गवताची पहिली गाडी गोशाळेला गेली. माणूस म्हणाला, कुसळ नाही, हिरवं वाळवलंय, आणखी असेल तर द्या. आहे की!

फ्लॅटवर जाऊन पांघरुणं, कुकर आणि माझी खाकी आणली. खाकी घालून ट्रॅक्टर बरा चालवता येतो, खिशात सगळं मावतं.

संध्याकाळी जाऊबाई ट्रॅक्टरभोवती घुटमळत होत्या. मी म्हटलं, "बसता?" त्या म्हणाल्या, "ह्या वयात? लोक काय म्हनतील?" आणि हे म्हणतानाच पाय पायरीवर होता. यंत्र काढलेलं होतं, बकेट रिकामी, खालचं शेत सपाट. पट्टा मी बांधला. चष्मा त्यांनी काढून माझ्या हातात दिला, मी तो परत त्यांच्या नाकावर बसवला. क्लच, ब्रेक, सगळं तीनदा सांगितलं. "कळलं, कळलं, बाजूला व्हय."

उडी मारली नाही. बाई अशी निघाली जशी एखादी सुई कापडातून जाते. बांधापर्यंत गेली. वळवला. परत आली. मी हात वर केला, एक घंटी मारल्यासारखा आवाज केला, "थांबवा, जाऊबाई!"

"कामून?" म्हणाल्या, आणि माझ्या समोरून निघून गेल्या.

दुसरी चक्कर. मी बांधाच्या बाजूनं पळतेय, ओरडतेय, "ब्रेक डावीकडं नाही, उजवीकडं!" त्या हसतायत. तिसरी चक्कर. वाडीतल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यापाशी आल्यावर जाऊबाईंनी गरज नसताना हॉर्न वाजवला, लांबलचक, आणि पदर खोचत पुढं निघून गेल्या.

मी पळायचं सोडून दिलं आणि बांधावर बसले. डिझेल संपलं की थांबतीलच.